बहात्तर तासांचे अहिरे

आमच्या गल्लीतलं गटार उकरून कंत्राटदार गायब झाला, त्याला तीन दिवस झाले होते. बदलापूरच्या बेलवलीतली आम्ही चार-पाच सुशिक्षित माणसं खड्ड्याच्या कडेला उभी राहून निवेदनाचा मसुदा ठरवत होतो. सुरुवात 'माननीय'ने करावी की 'सन्माननीय'ने, इथे गाडी अडली होती. तेवढ्यात अहिरे आले, खड्ड्यात वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "बहात्तर तास झाले ना? एवढ्यात डोळा दिसायला पाहिजे होता."

"कसला डोळा?" मी विचारलं.

"कोंबडीचा. अंडं उबवायला ठेवलं की दीड दिवसात हृदय हलतं. दोन दिवसांत रक्त फिरतं. तीन दिवसांत डोळा दिसतो, पंखांचे, पायांचे कोंब येतात. एकविसाव्या दिवशी पिल्लू स्वतः कवच फोडून बाहेर. कुणाचं निवेदन नाही, पाठपुरावा नाही."

निवेदनाचं पुढे काय झालं ते आता आठवत नाही. गटार बुजलं बावन्न दिवसांनी. अहिरेंच्या हिशेबाने अडीच कोंबड्या.

सुधाकर अहिरे उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, पुढे सहायक झाले. म्हणजे पगारपत्रकावर झाले. काम पहिल्या दिवसापासून तेच होतं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि एक चिमटा. पेन त्यांनी कधी वापरलं नाही. अंड्याच्या कवचातून शाई आत उतरते, म्हणून अंड्यावर पेन्सिलीनेच लिहायचं. आणि एकदा सवय लागल्यावर अंड्यावर वेगळं, लग्नाच्या पाकिटावर वेगळं, असा भेदभाव त्यांना जमला नाही. आमच्या मुलीच्या लग्नात त्यांचं पाकीट आलं त्यावर शिसपेन्सिलीत नाव होतं, आणि खाली सवयीने वेळ: सकाळी अकरा पाच.

विद्यार्थी त्यांना 'अहिरे सर' म्हणत. ते एका प्राचार्यांना खटकलं. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना 'सर' असे संबोधू नये, अशी नोटीस फळ्यावर लागली. त्या वर्षापासून मुलं त्यांना 'शिक्षकेतर सर' म्हणू लागली. प्राचार्य बदलून गेले, नोटीस पिवळी पडून गळून गेली, अहिरे होते तिथेच राहिले.

त्यांचं खरं काम मी एकदाच जवळून पाहिलं, तेही त्यांच्या घरी. कोमट मिठाच्या पाण्यात अंडं हलकेच फोडायचं. पिवळ्या बलकावर नाण्याएवढी एक पुसट चकती असते, तोच गर्भ. मधे भोक असलेला गाळणकागदाचा तुकडा तिच्यावर ठेवायचा, कडेने बारीक कात्रीने कापत जायचं, आणि कागदासकट गर्भ उचलून काचेच्या बशीत तरंगता ठेवायचा. अहिरेंना या सगळ्याला दोन मिनिटं लागत. डॉक्टरेट मिळवलेल्या मंडळींना वीस मिनिटं लागत, आणि शेवटी बशीत ऑम्लेटची तयारी दिसे. एका नव्या प्राध्यापकाने तर उत्साहाच्या भरात नाक्यावरच्या वाण्याकडून डझनभर अंडी आणून उबवणी यंत्रात ठेवली आणि तीन दिवस दर तासाला नोंद केली. दुकानातल्या अंड्यांत गर्भ नसतोच. अहिरेंना हे पहिल्या मिनिटाला दिसलं होतं.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"त्यांच्या नोंदी फार सुंदर चालल्या होत्या हो," अहिरे म्हणाले. "मध्येच कसं तोडायचं?"

पण हाच भिडस्त माणूस तासांच्या बाबतीत ब्रह्मदेवालाही ऐकला नसता. कॉलेजात तपासणी समिती यायची होती. विभागप्रमुखांना तेहतीस तासांचा गर्भ मांडायचा होता, कारण त्यात हृदय नुकतंच हलायला लागलेलं दिसतं, आणि समितीला हलणारं काहीतरी दाखवलं की समिती खूश होते. आदल्या दिवशी पाच तास वीज गेली. यंत्र गार पडलं. विभागप्रमुख म्हणाले, "अहिरे, काही बोलू नका. लेबलं आत्ताच लिहून ठेवा, तेहतीस तास."

"अंडं आत असताना तास लिहीत नाहीत, सर."

"का?"

"आत आहे तोवर ते चालू आहे. बाहेर काढलं की मग लिहायचं."

दुसऱ्या दिवशी समितीसमोर बशी आली. हृदय होतं, हलत नव्हतं. शेजारी पेन्सिलीत लिहिलेलं लेबल: 'कोंबडी. तेहतीस तास. पैकी पाच तास वीज नव्हती.' समितीतल्या एका म्हाताऱ्या सदस्याने ते चष्मा वर करून दोनदा वाचलं. अहवाल आला तेव्हा इमारत, ग्रंथालय, प्राध्यापकांचं संशोधन यांच्याबद्दल अपेक्षा व्यक्त केलेल्या होत्या. कौतुक फक्त एका गोष्टीचं होतं, प्रयोगशाळेतल्या लेबलांचं. विभागप्रमुखांनी ती ओळ कॉलेजच्या माहितीपत्रकात छापली आणि अहिरेंशी महिनाभर बोलले नाहीत.

पुढे अभ्यासक्रमातून अंडी गेली. अंड्यांऐवजी चित्रं आणि संगणकावरचा गर्भ आला. तो वीज गेली तर हलत नाही, आणि वीज आली की जिथे होता तिथून पुन्हा हलतो. अहिरेंनी तक्रार केली नाही. घरी थर्मोकोलचा खोका, चाळीसचा बल्ब आणि गिझरचा जुना थर्मोस्टॅट यांतून उबवणीची पेटी तयार केली आणि रविवारी आजूबाजूच्या पोरांना एखादं अंडं दाखवू लागले. एकदा एका आईने दारात उभं राहून विचारलं, "हे पाप नाही का हो?"

"आहे थोडं," अहिरे म्हणाले. "म्हणून तर एक अंडं वीस जणांनी बघायचं. बोलवा अजून कोणाला."

त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, हे आम्हाला कळलं तेव्हा त्यांना कळून चार महिने झाले होते. पत्नी आधीच गेलेली. मुलगी नाशिकला, पदरात लहान मूल. तिची किडनी जुळते का, ही तपासणीच त्यांनी होऊ दिली नाही. आठवड्यातून तीन दिवस विठ्ठलवाडी डेपोजवळच्या केंद्रात डायलिसिस, एका खेपेला चार तास. "आठवड्याचे बारा तास," ते म्हणायचे. "बारा तासांत कोंबडीचं काही विशेष होत नाही. माझं सगळं रक्त धुऊन होतं. डॉक्टर लोक हुशार आहेत."

पाण्यावर बंधन होतं. दिवसभराचं पाणी प्रयोगशाळेतल्या काचेच्या मोजपात्रातून मोजून घ्यायचे, चहा-आमटी त्यातच. या एकाच बाबतीत त्यांचा त्रास दिसायचा. त्यांच्याकडे गेलं की ते आपल्याला तांब्याभर पाणी द्यायचे, आणि आपण अर्धा पेला तसाच ठेवला की बोलता बोलता त्यांची नजर त्या पेल्यावर जायची. मग मी त्यांच्याकडचा पेला संपवूनच खाली ठेवायला शिकलो.

डायलिसिसला शेजारच्या खाटेवर लछमनदास नावाचे एक सिंधी कापडवाले असत. सगळे त्यांना लछूसेठ म्हणत. मी एकदा अहिरेंना पेपर द्यायला गेलो तेव्हा दोघांची जुंपली होती. परदेशात डुकराच्या गर्भात माणसाच्या पेशी घालून किडनीची सुरुवात करून बघितली, ही बातमी अहिरेंनी त्यांना ऐकवली होती.

"अरे साईं," लछूसेठ म्हणाले, "मेरी घरवाली किचन में अंडा नहीं आने देती. मैं अंदर सूअर लेके कैसे जाऊं?"

"सूअर नाही हो. किडनी तुमचीच."

"सूअर में मेरी किडनी कैसी?"

अहिरे दोन नळ्या लावलेला हात न हलवता, दुसऱ्या हाताने हवेत चौकोन काढू लागले. "तुमचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून उल्हासनगरच्या कॅम्पात आले तेव्हा त्यांना राहायला काय मिळालं?"

"बराक."

"आधी त्यात कोण होतं?"

"मिलिटरी थी. खाली करके गई."

"मग तुमच्या आजोबांनी तिथे संसार मांडला. पापड वाळत घातले, देवघर केलं, दुकान काढलं. ते घर मिलिटरीचं झालं का तुमचं?"

"क्या बात करता है. हमारा हुआ."

"झालं तर. डुकराच्या गर्भात किडनीची जी जागा असते, तिथे डुकराची किडनी तयारच होणार नाही असं आधी करून ठेवतात. म्हणजे बराक रिकामी. मग तिथे माणसाच्या पेशी नेऊन सोडतात, अगदी कोवळ्या, अजून काय व्हायचं ते न ठरलेल्या. त्यांना जागा रिकामी दिसते. त्या तिथे संसार मांडतात. भिंती डुकराच्या, घर माणसाचं."

लछूसेठनी उशी मानेखाली नीट सारली. मग म्हणाले, "और वो मिलिटरीवाला वापस आया तो?"

"तोच तर त्रास आहे," अहिरे खूश होऊन म्हणाले. "सगळं अडलंय ते तिथेच. माणसाच्या पेशी आणि डुकराच्या पेशी, एकमेकांना नीट राहू देत नाहीत. माणसाच्या बऱ्याचशा मरूनच जातात. सुरुवात झाली आहे, सेठ. फक्त सुरुवात."

गर्भशास्त्रावर इतकं समजेल असं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतर ऐकलं, पण तेही अहिरेंकडूनच.

आता सुमनताई. अहिरेंची ही मोठी बहीण, तीन वर्षांनी मोठी, अंबरनाथला बुवापाड्यात राहायची. एका कारखान्यात पॅकिंगला होती, तिथून निवृत्त होऊन घरी पोळीभाजीचे डबे करायची. ठेंगणी, आवाजाने उंच. दोघं लहान असताना वडील गेले, तेव्हा सातवीतून शाळा सोडून कामाला लागली ती हीच, सुधाने शिकावं म्हणून. हे मला अहिरेंनीच सांगितलं होतं, एकदाच, आणि लगेच विषय बदलला होता. तिची किडनी जुळत होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. ती द्यायला तयार होती, तयार म्हणजे मागेच लागली होती. अहिरे घ्यायला तयार नव्हते.

"एकदा शाळा घेतली तिची," ते मला म्हणाले. "आता हे पण घेऊ?"

तिच्यासमोर मात्र ते असं काही बोलत नसत. तिने डब्याच्या पिशवीसकट दारात पाय ठेवून "काय ठरवलंस?" म्हटलं की ते म्हणत, "अगं, काम चालू आहे तिकडे. डुकरात. थोडी कळ काढ."

हे खोटं नव्हतं. काम चालूच होतं. फक्त जगातल्या प्रत्येक गोष्टीला किती तास लागतात ते सांगणारा हा माणूस इथे तास सांगत नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदयावर ताण येतोय, असं डायलिसिसवर फार वर्षं रेटणं त्यांना झेपणार नाही. अहिरेंनाही ते माहीत होतं. त्यांच्या खिशातल्या चिमट्याला माहीत होतं म्हणा ना.

आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला दरवर्षी असते. मी तिचा सेक्रेटरी. अहिरे मला नावाने कधी हाक मारत नसत, 'सेक्रेटरी' म्हणत, आणि त्यात आदर किती, चेष्टा किती, हे मला कधीच मोजता आलं नाही. त्या वर्षी 'उद्याचे अवयव' या विषयावर मुंबईच्या एका मोठ्या शास्त्रज्ञ डॉक्टरांना बोलावलं होतं. विषय अहिरेंनी सुचवला होता. त्यांची आग्रहाची एकच मागणी होती, पहिल्या रांगेत एक खुर्ची सुमनताईसाठी राखून ठेवायची. बेत साधा होता. एवढा मोठा माणूस माइकवरून सांगणार की हे सगळं लवकरच होणार आहे, आणि ताई गप्प बसणार. व्याख्यानमालेत पाहुणे 'लवकरच' हा शब्द किती सढळपणे वापरतात, हे अहिरे माझ्याइतकेच जाणून होते.

डॉक्टरांचा परिचय चार पानी होता, कारण तो त्यांनीच पाठवला होता. तो मी घरी दोनदा मोठ्याने वाचून बघितला. मध्ये पाणी प्यावं लागत होतं. कार्यक्रम सहाचा. चार वाजता निरोप आला की डॉक्टर येऊ शकत नाहीत. त्यांना त्याच संध्याकाळी दुसरीकडे एक पुरस्कार मिळत होता.

वाचनालयाचे अध्यक्ष खुर्चीत बसले ते उठेनात. "रद्द करा," ते म्हणाले. "पण चहा सांगून झालाय," मी म्हटलं. आमच्याकडे चहा सांगितला की कार्यक्रम रद्द होत नाही.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आतून सुमनताई उतरल्या, मागून अहिरे, मांडीवरचा थर्मोकोलचा खोका दोन्ही हातांनी धरून. शाल-श्रीफळ देऊन शास्त्रज्ञाचा काय सत्कार करायचा, म्हणून त्यांनी पाहुण्यांना दाखवायला अंडी आणली होती. साडेसहाला बरोबर अठ्ठेचाळीस तास भरतील, अशा हिशेबाने उबवायला ठेवलेली.

"अहिरे, तुम्हीच बोला," मी म्हटलं.

"मी?" त्यांनी खोका खाली ठेवला नाही. "सेक्रेटरी, मी शिक्षकेतर आहे."

"अंडी तुमची, विषय तुमचा. दुसरा कोण आहे बदलापुरात?"

त्यांनी सुमनताईंकडे बघितलं. मला तेव्हा वाटलं, संकोच आहे. संकोच नव्हता, बेत डोळ्यांसमोर कोसळताना दिसत होता. पण हॉलमध्ये साठेक माणसं येऊन बसली होती, आणि एखाद्याला अंड्यातलं हृदय दाखवायची संधी अहिरेंनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. परिचय नको आणि शाल नको, या दोन अटींवर ते तयार झाले.

पहिली अट पाळली. दुसरी पाळणं अध्यक्षांना शक्य नव्हतं. आणलेली शाल परत न्यायची म्हणजे त्यांना अपशकुन वाटला. समई पंख्याने तिसऱ्यांदा विझल्यावर त्यांनी घाईघाईने ती शाल अहिरेंच्या खांद्यावर टाकली. अहिरेंनी ती तशीच उतरवली, चौघडी केली आणि खोक्यातल्या अंड्यांवर पांघरली. "यांना जास्त गरज आहे," ते माइकमध्ये म्हणाले. आमच्या व्याख्यानमालेच्या इतिहासात शालीचा उपयोग झालेला तेवढाच.

मग त्यांनी अंडं फोडलं. एका पोराने मोबाइल वर धरला, चित्र पडद्यावर आलं. पिवळ्या गोलावर लाल बारीक जाळं, आणि मधोमध तांबडा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा, उघडझाप करणारा. हॉलमध्ये कुणीतरी "अगं बाई" म्हणालं आणि मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. अहिरेंनी घड्याळात बघितलं, लेबलावर पेन्सिलीने लिहिलं, वाचून दाखवलं: "कोंबडी. अठ्ठेचाळीस तास, दहा मिनिटं. वीज होती."

तिथून ते डुकरावर गेले. बराक सांगितली, रिकामी जागा सांगितली, संसार सांगितला. एका आजोबांनी हात वर केला. "माणसाच्या पेशी चुकून मेंदूत गेल्या आणि डुक्कर माणसासारखा विचार करायला लागलं तर?"

"ती भीती शास्त्रज्ञांनाही आहे, काका. म्हणून ते गर्भ पुढे वाढू देत नाहीत, थोड्या दिवसांत थांबवतात. उद्या डुकराला 'मी कोण' असा प्रश्न पडला, तर उत्तर द्यायला बसवणार कोणाला? आपल्यालाच अजून नीट देता येत नाही."

हशा झाला. अहिरे रंगात आले होते. मी आभाराचा कागद खिशातून काढत होतो, तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुमनताई उठल्या.

"मला एक विचारायचंय."

"ताई, तू घरी विचार ना."

"घरी तू सांगत नाहीस. इथे माइक आहे." त्या हॉलकडे वळल्या, परत भावाकडे वळल्या. "ही डुकरातली किडनी पूर्ण तयार होऊन माणसाला बसवायला किती तास लागतील?"

अहिरेंनी बशीकडे बघितलं. पडद्यावर तांबडा ठिपका अजून उघडमीट करत होता, पण मंद. पाणी निवत चाललं होतं.

"सांग की. रस्त्याचे सांगतोस, गटाराचे सांगतोस. आमच्या जावयाच्या बढतीचे पण सांगितले होतेस."

"असं नक्की नाही सांगता येत, ताई."

"अंदाजे सांग."

"अंदाजे लिहीत नाहीत."

"मग तुझ्या वेळेत होणार का नाही, एवढं सांग. हो का नाही."

मी सेक्रेटरी म्हणून मध्ये पडायला हवं होतं. पडलो नाही. एक तर सुमनताईंच्या मध्ये पडायची माझी हिंमत नव्हती, आणि दुसरं म्हणजे उत्तर मलाही हवं होतं. व्यासपीठावर त्या संध्याकाळी जे डॉक्टर असायचे होते, ते इथे हसून 'लवकरच' म्हणाले असते, टाळ्या झाल्या असत्या, आणि अहिरे त्या टाळ्यांवर मरून गेले असते.

"नाही," अहिरे म्हणाले. माइकमध्ये ते फार मोठ्याने ऐकू आलं. "होईल. मला खात्री आहे की होईल. पण माझ्या वेळेत नाही होणार."

"मग माझी घे."

"ताई, प्रश्न विषयाला धरून विचारायचे असतात."

"विषय किडनीचाच आहे ना?"

मागून कुणीतरी ओरडलं, "हो म्हणा, सर!" तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला, आता एका शाळेत शिक्षक. अहिरे हातातला चिमटा उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "बघू."

"बघू म्हणजे किती तास?"

पूर्ण हॉल हसला. अहिरेही हसले, हसताना त्यांना डोळे पुसावे लागले, आणि दुसरं काही हाताशी नसल्यामुळे ते त्यांनी अध्यक्षांच्या शालीने पुसले. "बहात्तर," ते म्हणाले.

त्यानंतर मी आभार मानले. कोणाचे ते आठवत नाही. यादीत पहिलं नाव त्या डॉक्टरांचं होतं आणि मी ते वाचून टाकलं असावं. एका अर्थी ते योग्यच होतं. न येऊन एवढी मोठी मदत आमच्या कुठल्याच पाहुण्याने केलेली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासातला माझा फोन वाजला. "सेक्रेटरी, झाले," अहिरे म्हणाले. "ताईला हो म्हणून कळवा. मी फोन केला तर ती रडेल, आणि मग मला ऐकत बसावं लागेल." मी कळवलं. त्या रडल्या नाहीत. "तीन दिवस कशाला लागले मेल्याला," एवढंच म्हणाल्या.

शस्त्रक्रिया मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात होणार होती. त्याआधी परवानगीसाठी देणाऱ्याची मुलाखत घेतात, कॅमेऱ्यासमोर. कुणी जबरदस्ती तर करत नाही ना, हे विचारावंच लागतं. मी बरोबर गेलो होतो, दाराशी बसलो होतो. आतल्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुमच्यावर काही दबाव आहे का?"

"आहे ना," सुमनताई म्हणाल्या.

आतलं पेन थांबलं असावं.

"दबाव आहे, पण माझा. त्याच्यावर. दोन वर्षं टाकत होते तेव्हा कुठे तयार झाला. ते लिहा हवं तर."

ते लिहिलं की नाही माहीत नाही. परवानगी मिळाली.

मी भेटायला गेलो तेव्हा अहिरे काचेपलीकडे होते. परिचारिका वैतागलेली होती, कारण लघवी मोजायच्या बाटलीवर तिने लावलेल्या छापील लेबलाखाली पेशंटने स्वतःच्या पेन्सिलीने आणखी एक लेबल चिकटवलं होतं: 'सुमनची. चालते.' घरी सोडताना डॉक्टरांनी दोन सूचना दिल्या. रोज भरपूर पाणी प्यायचं, तीन लिटर. आणि कोंबड्या, पक्षी, कच्ची अंडी यांच्या जवळपास फिरकायचं नाही, संसर्गाचा धोका. पहिल्या सूचनेने अहिरेंचा चेहरा असा उजळला की मला बाहेर जाऊन खिडकीतून बघत उभं राहावं लागलं. दुसरी ऐकून ते म्हणाले, "बरोबर आहे. त्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा."

लछूसेठना पुढे त्यांच्या बायकोने किडनी दिली. अहिरेंनी चिठ्ठी पाठवली होती, पेन्सिलीत: 'बराक पुन्हा तुमच्याच घरातली. अभिनंदन.' लछूसेठनी ती दुकानात गल्ल्यामागे लावली आहे; गिऱ्हाइकांना वाटतं, एखादा जुना मालमत्तेचा वाद मिटला असावा.

वर्षभराने अहिरे नाशिकला मुलीकडे राहायला जायला निघाले. सुमनताईही महिनाभर सोबत जाणार होत्या, त्यांच्या मते घर लावून द्यायला, अहिरेंच्या मते तपासणीला. दारात टेम्पो उभा होता. सामान फारसं नव्हतंच. उबवणीची पेटी त्यांनी त्या शिक्षक झालेल्या विद्यार्थ्याला दिली होती, सूचनांच्या दोन पानांसकट. तोंडाला मास्क, खांद्याला पाण्याची मोठी बाटली अशा थाटात ते फाटकाशी उभे होते. गटाराच्या कंत्राटदाराने पुन्हा तीच जागा उकरली होती. अहिरेंनी त्या खड्ड्याकडे मायेने बघितलं.

टेम्पोच्या पुढच्या सीटवरून सुमनताई ओरडल्या, "सुधा, पाणी प्यायलास का?"

"पितोय, ताई."

"किती?"

त्यांनी बाटली वर करून दाखवली. तेव्हा माझं लक्ष गेलं. बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर पेन्सिलीतलं त्यांचं नेहमीचं लेबल, वर्षभरात पुसट झालं की पुन्हा पुन्हा गिरवलेलं. 'किडनी. सुमनची. तास,' आणि पुढे कोरी जागा.

"अहिरे, तास लिहायचे राहिले तुमचे," मी म्हटलं. मला वाटलं, एकदा तरी त्यांना चुकीत पकडलं.

"राहिले नाहीत, सेक्रेटरी," ते म्हणाले. "चालू असताना लिहीत नाहीत."

मग मास्क हनुवटीखाली ओढून, खड्ड्याच्या कडेला उभ्याउभ्याच, त्यांनी बाटली तोंडाला लावली आणि उरलेलं सगळं पाणी न थांबता, न मोजता पिऊन टाकलं.